कोडमागचं ‘का’ टिकवणारी साधनं: चार पर्यायांची पारख

कामांच्या रांगेसाठी वेगळा मेसेज ब्रोकर (कामांचे निरोप पोचवणारी स्वतंत्र सेवा) न घेता डेटाबेसमधलंच एक टेबल वापरलंय, हे कोड उघडला की दोन मिनिटांत कळतं. ब्रोकर का नाकारला, भाराचा कोणता अंदाज धरून नाकारला आणि तो अंदाज चुकला तर काय करायचं ठरलं होतं, हे मात्र कोडमध्ये कुठेच नसतं. मग टीममध्ये नवा आलेला माणूस ते टेबल बघतो, ‘हे काय जुनाट’ म्हणतो आणि ब्रोकर आणायला निघतो. आजकाल हेच काम एआय एजंटही (कोड स्वतः वाचून बदलणारं एआय साधन) करतो, आणि तोही दर सेशनला नव्या उत्साहाने.

म्हणून इथे प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावली आहे: नाकारलेला पर्याय आणि तो नाकारण्याचं कारण वर्षभराने, त्या फाइलवर काम करताना, हाताला लागतं का? सुबक पानं, आलेख, शोधपेटी हे सगळं त्यानंतर.

प्रश्न जुनाच आहे. होर्स्ट रिटेल आणि वेर्नर कुन्झ यांनी १९७० मध्ये ‘आयबिस’ नावाची पद्धत मांडली: प्रश्न, त्यावरच्या भूमिका, प्रत्येक भूमिकेच्या बाजूचे आणि विरुद्धचे युक्तिवाद. १९८८ मध्ये तिची चित्ररूप आवृत्ती ‘जीआयबिस’ आली. कल्पना उत्तम होती, पण लिहिण्याचे कष्ट आज एकाला आणि फायदा पुढे कधीतरी दुसऱ्याला, हा व्यवहार कोणालाच परवडेना. नोव्हेंबर २०११ मध्ये मायकल नायगार्ड यांनी तो स्वस्त केला. एका निर्णयाला एक छोटी मार्कडाउन फाइल, तीही रेपोमध्येच, म्हणजे कोडच्याच साठ्यात. शीर्षक, संदर्भ, निर्णय, स्थिती आणि परिणाम असे पाच मथळे, आणि मजकूर फार तर एक-दोन पानं. याच फाइलला सगळे ‘एडीआर’ (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड) म्हणतात. पुढची बहुतेक साधनं याच फाइलभोवती फिरतात. ती कोण लिहितं आणि कधी, यातच त्यांचा फरक आहे.

एडीआर-टूल्स

नॅट प्राइस यांच्या या बॅश स्क्रिप्ट्स. ‘इनिट’ कमांड फोल्डर तयार करते आणि पहिली नोंदही स्वतःच टाकते: ‘आम्ही निर्णय नोंदवणार आहोत’. ‘न्यू’ला शीर्षक दिलं की पुढचा क्रमांक घेऊन साचा भरलेली फाइल तुमच्या एडिटरमध्ये उघडते. सगळ्यात उपयोगी आहे तो ‘एस’ पर्याय. नववा निर्णय रद्द करून नवा घ्यायचा असेल, तर नव्या नोंदीत ‘हिने नववीची जागा घेतली’ आणि जुन्या नोंदीत ‘हिची जागा अमुक नोंदीने घेतली’ असे दोन्ही दुवे तो एकदम घालतो. हाताने करताना यातला दुसरा दुवा हमखास राहतो. ग्राफव्हिझ (आकृत्या काढणारं साधन) असेल तर निर्णयांची साखळी चित्र म्हणूनही काढता येते.

यात आपोआप होतं ते इतकंच. म्हणजे वही आणि पेन टेबलावर ठेवून मिळतं; लिहायचं तुम्हीच.

दोन गोष्टी खटकतात. पहिली क्रमांकांची. दोन ब्रँचवर (कोडच्या समांतर प्रतींवर) दोघांनी एकाच आठवड्यात नोंद केली, तर दोघांनाही १२ हाच क्रमांक मिळतो. शीर्षकं वेगळी असल्याने फाइलींची नावंही वेगळी, त्यामुळे मर्ज करताना, म्हणजे त्या प्रती एकत्र करताना, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट काहीच कुरकुर करत नाही आणि मुख्य ब्रँचवर बारा क्रमांकाचे दोन निर्णय सुखाने नांदू लागतात. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) फाइलनावाचे पहिले चार अंक काढून, क्रमाने लावून त्यात दुबार अंक शोधणारी एक ओळ टाकली की हे थांबतं. दुसरी गोष्ट जास्त मुळातली आहे. नवी नोंद जन्मतःच ‘स्वीकृत’ असते आणि मूळ साच्यात ‘विचारात घेतलेले पर्याय’ असा मथळाच नाही. आपली कसोटी इथेच अडते. निर्णयांच्या फोल्डरमध्ये ‘टेम्प्लेट्स’ नावाचं उपफोल्डर करून त्यात स्वतःची साचा-फाइल ठेवली की साधन तीच वापरतं, त्यामुळे उपाय पाच मिनिटांचा आहे. तरीही बहुतेक रेपोंमध्ये मूळ साचाच दिसतो.

लॉगफोरब्रेन्स

हे नोडवर (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या मंचावर) चालतं आणि एमएडीआर या साच्यावर आधारलेलं आहे. त्या साच्यात ‘विचारात घेतलेले पर्याय’ आणि प्रत्येक पर्यायाच्या जमेच्या-उण्या बाजू यांना स्वतंत्र जागा आहे, म्हणजे कसोटीचं निम्मं काम साचाच करतो. फाइलनावात क्रमांकाऐवजी तारीख येते, त्यामुळे वर सांगितलेली बाराव्या नोंदीची भानगड उद्भवत नाही. मसुदा, प्रस्तावित, नाकारलेला, स्वीकृत, कालबाह्य, बदललेला अशा स्थिती आहेत. यातल्या ‘नाकारलेला’ या स्थितीची किंमत कमी लेखू नये: अख्खा प्रस्तावच फेटाळला गेला, तरी त्याची फाइल राहते आणि पुढच्या वेळी तोच प्रस्ताव आणणाऱ्याच्या हातात देता येते.

या फाइलींची स्थिर वेबसाइट बनते, तिला शोध असतो, डावीकडे काळानुसार यादी असते. कोड न वाचणाऱ्या मंडळींना दाखवायला छान. एकाच रेपोत अनेक पॅकेजं असतील, तर प्रत्येकाचे निर्णय वेगळे ठेवता येतात.

साइट सीआयमध्ये बांधताना एक चूक जवळपास सगळे करतात. हे साधन नोंदींसाठी गिटच्या इतिहासावर विसंबून असतं. गिटहबची नेहमीची चेकआउट पायरी मात्र फक्त शेवटचा एक कमिट (बदलांची एक नोंद) आणते, त्यामुळे साइटवरच्या तारखा आणि लेखक गडबडतात. ‘फेच-डेप्थ’ला शून्य दिलं की पूर्ण इतिहास येतो आणि सगळं जागेवर बसतं.

पण लिहायचं इथेही माणसालाच आहे, आणि वाचायला कोडपासून उठून ब्राउझरमध्ये जावं लागतं. दुसरी अडचण मोठी. जो माणूस रात्री अकरा वाजता ते टेबल बदलायला घेतो, तो आधी निर्णयांची वेबसाइट उघडून बसत नाही.

गिटचे ट्रेलर

वेगळं काहीच बसवायचं नसेल, तर कमिट संदेशाच्या शेवटी ‘नाव, अपूर्णविराम, मजकूर’ अशा ओळी लिहायची सोय गिटमध्येच आहे. ‘रिजेक्टेड’ नावाच्या ओळीत नाकारलेला पर्याय लिहायचा, ‘बिकॉज’ नावाच्या ओळीत कारण. गिट २.३२ पासून कमिट करतानाच ‘ट्रेलर’ पर्याय देऊन अशी ओळ जोडता येते आणि ‘लॉग’च्या फॉरमॅटमध्ये फक्त त्या नावाच्या ओळी वेगळ्या काढता येतात. ओळीचं नाव रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ यांतच असावं लागतं. देवनागरी नाव गिट ट्रेलर म्हणून ओळखत नाही. मजकूर मराठीत असायला हरकत नाही.

वाचण्याच्या बाबतीत हा पर्याय सगळ्यांत पुढे आहे. ओळीवर ‘ब्लेम’ (ती ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणारी कमांड) लावा, कमिट सापडतो आणि कारण त्याच्याच पोटात असतं. ब्राउझर नको, फोल्डर शोधायला नको.

मात्र मर्ज स्क्वॉश पद्धतीने होत असेल, तर घात होतो. पाच कमिटांचा एक करताना प्रत्येकाचा संदेश एकाखाली एक चिकटवला जातो आणि ट्रेलर मजकुराच्या मधोमध अडकतात. गिट ट्रेलर शोधतं फक्त शेवटच्या परिच्छेदात. ओळी डोळ्यांना दिसतात, पण शोधाला सापडत नाहीत. कुठे स्क्वॉशच्या संदेशात फक्त पुल रिक्वेस्टचं (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीचं) शीर्षक घ्यायचं असं सेटिंग असतं. तिथे तर त्या पार पुसल्या जातात. स्क्वॉश सोडायचं नसेल, तर ट्रेलर पुल रिक्वेस्टच्या वर्णनाच्या शेवटी ठेवायचे आणि तेच वर्णन कमिट संदेश म्हणून घ्यायचं.

‘गिट नोट्स’ हा त्याचाच भाऊ, जुना कमिट न बदलता त्याला टिपण जोडणारा. वाचायला आकर्षक वाटतो, पण नोट्स आपोआप पुश होत नाहीत, क्लोन करणाऱ्याला मिळत नाहीत आणि रीबेस केल्यावर (कमिट नव्या पायावर पुन्हा रचल्यावर) वेगळं कॉन्फिगरेशन नसेल तर मागेच राहतात. टिकाऊ नोंदीसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

हुक, म्हणजे ठरावीक घटनेला आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लावून ट्रेलरची सक्ती करता येते, पण गिटचे हुक क्लोनबरोबर येत नाहीत. हुकचं फोल्डर रेपोत ठेवून ‘कोअर डॉट हुक्सपाथ’ त्याच्याकडे वळवावं लागतं, तेही प्रत्येकाने आपापल्या मशीनवर. आणि सक्ती झाली की त्या ओळींत ‘लागू नाही’ भरलं जातं. म्हणजे शिस्त चार दिवसांचीच.

एजंटच्या संभाषणातून नोंद

खरोखर ‘आपोआप’ म्हणता येईल असा हाच पर्याय. एजंटबरोबर काम करताना पर्याय मांडले जातात, माणूस ‘हे नको, कारण...’ असं टाइप करतो आणि ते टाइप केलेलं मशीनवर साठतं. आजवर जे कॉफीच्या टेबलावर बोललं जाऊन हवेत विरायचं, ते इथे शब्दशः उपलब्ध आहे. त्यातून नोंद गाळायची, एवढाच प्रश्न. पुढचा तपशील क्लॉड कोड या एजंटच्या हुकचा आहे; ज्या साधनात हुक आणि संभाषणाची फाइल असेल, तिथे हीच रचना चालेल.

हुक प्रोजेक्टच्या सेटिंग फाइलमध्ये नेमायचा, ‘लोकल’ फाइलमध्ये नाही. तरच तो कमिट होऊन सगळ्यांना मिळतो. हुकला जेसन (ठरावीक रचनेतला मजकूर) मिळतं आणि त्यात संभाषणाच्या फाइलचा पत्ता असतो. ही फाइल जेसनएल, म्हणजे प्रत्येक ओळीत एक नोंद. नवखे हुक लावतात ‘स्टॉप’ घटनेवर, आणि मग कळतं की ती सेशनच्या शेवटी नाही, तर एजंटचं प्रत्येक उत्तर संपलं की घडते. वीस उत्तरांमागे वीस मसुदे. नोंदीसाठी हवी ती ‘सेशनएंड’. तिच्यावरही पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण प्रक्रिया मध्येच मारली गेली तर ती चालेलच असं नाही. म्हणून हुकने फक्त फाइलचा पत्ता एका यादीत टाकावा आणि गाळण्याचं काम वेगळ्या स्क्रिप्टने पुल रिक्वेस्टच्या वेळी करावं, हे जास्त भरवशाचं. संभाषणाच्या फाइली मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवसांनी साफ होतात. महिनाभर लोंबकळणारे ब्रँच असतील तर ती मुदत आधी वाढवून ठेवा.

गाळण्याच्या स्क्रिप्टमध्ये तीन खड्डे आहेत.

पहिला: ‘यूजर’ प्रकारच्या ओळी उचलल्या की माणसाचं बोलणं मिळेल, असं वाटतं. पण कमांडचं आउटपुट, वाचलेल्या फाइलींचा मजकूर, हेसुद्धा ‘यूजर’ प्रकारातच येतं, टूलचा निकाल म्हणून. ते गाळलं नाही, तर ‘माणसाने काय ठरवलं’ या सदरात हजार ओळींचा टेस्ट लॉग येतो. मजकुराच्या आतला प्रकार तपासून टूलचे निकाल बाजूला काढायचे. एक अपवाद: एजंटने पर्याय समोर ठेवून विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर. तेही टूलचा निकाल म्हणूनच येतं, पण पर्याय आणि निवड एकत्र मिळण्याची यापेक्षा चांगली जागा नाही. प्लॅन मोडमध्ये (एजंट आधी योजना मांडून मंजुरी मागतो तेव्हा) नाकारलेली योजना आणि त्यावरचा माणसाचा शेरा यांचंही तसंच.

दुसरा खड्डा पुनरावृत्तीचा. हुकमधूनच मॉडेलला ‘याचा सारांश लिही’ म्हणून हाक मारली की त्याचं स्वतःचं सेशन सुरू होतं. ते संपलं की त्याचाही हुक चालतो, तो पुन्हा हाक मारतो आणि बिल चढत जातं. मॉडेलला हाक मारताना एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावायचं आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला ते तपासायचं. ते असेल तर काही न करता बाहेर पडायचं.

तिसरा खड्डा सगळ्यांत खोल आहे, आणि इथेच बहुतेक तयार स्क्रिप्ट्स पडतात. सेशनच्या शेवटी एजंटला ‘आपण कोणते निर्णय घेतले आणि का, ते लिही’ असं सांगितलं, तर तो लिहितो, आणि ते छान असतं. नको तितकं छान. कारण विचारलं की मॉडेल कारण देतंच, मग ते चर्चेत आलेलं असो वा नसो. एखादी लायब्ररी केवळ आधीच रेपोत होती म्हणून वापरलेली असते. नोंदीत मात्र ‘कार्यक्षमता आणि विस्तारक्षमता लक्षात घेऊन’ असं अवतरतं. लांब सेशनमध्ये संदर्भ (मॉडेलच्या डोळ्यांसमोरचा मजकूर) मध्येच आवळला गेला असेल, तर त्याच्याकडे सुरुवातीच्या वादाचा सारांशच उरलेला असतो आणि भोकं तो कल्पनेने बुजवतो. खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर कोणी शंका घेत नाही.

उपाय असा: आठवणीतून लिहून घ्यायचं नाही, फाइलमधून काढायचं. संदर्भ आवळला तरी डिस्कवरच्या फाइलमध्ये जुन्या ओळी असतात. स्क्रिप्टने ओळ क्रमांकांसह माणसाचं बोलणं आणि त्याच्या लगेच आधीचं एजंटचं म्हणणं, एवढंच मॉडेलपुढे ठेवायचं. नियम एकच द्यायचा: प्रत्येक कारणामागे ओळ क्रमांक आणि जसाच्या तसा उतारा हवा, तो नसेल तर त्या जागी ‘कारण सांगितलेलं नाही’ असं लिही. मग तो उतारा त्या ओळीत खरंच आहे का, हे साध्या शब्दजुळणीने तपासायचं. त्यासाठी मॉडेल नको. जुळला नाही तर ते वाक्य मसुद्यातून जातं. मॉडेलचा ‘विचार’ म्हणून फाइलमध्ये साठलेला मजकूर पुरावा धरू नये. तो दाखवलेला विचार असतो, खरं कारण तेच असेल याची खात्री नाही.

असा गाळलेला मसुदा साधारण पुढीलप्रमाणे दिसतो (पोस्टग्रेस हा डेटाबेस, रॅबिटएमक्यू हा ब्रोकर, रेडिस हा मेमरीतला डेटासाठा):

> शीर्षक: कामांची रांग पोस्टग्रेसमध्येच
> स्थिती: मसुदा
> संदर्भ: ईमेल आणि पीडीएफची कामं मुख्य विनंतीबाहेर चालवायची. कमाल भार मिनिटाला ३०० कामं, असं गृहीत.
> निर्णय: ‘जॉब्स’ टेबल, काम उचलताना ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ (दुसऱ्याने उचललेल्या ओळी वगळून).
> नाकारलं: रॅबिटएमक्यू. ऑर्डर आणि तिचं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदवता येत नाही. (ओळ ४१२)
> नाकारलं: रेडिस. कारण सांगितलेलं नाही. (ओळ ४३०)
> परिणाम: टेबलात मृत ओळी साचतील, ऑटोव्हॅक्यूमवर लक्ष हवं.
> पुन्हा बघायचं: भार गृहीताच्या दहापट झाला तर.

रेडिससमोरची ती ओळ बघा. यंत्राने तिथे थाप मारलेली नाही, जागा रिकामी आहे हे कबूल केलंय. पुल रिक्वेस्टमध्ये हा मसुदा आला की ज्याने ‘रेडिस नको’ म्हटलं होतं, तो एका वाक्यात कारण भरतो. कोऱ्या पानावर नोंद लिही म्हटलं तर जो माणूस आठवडा घालवेल, तोच अर्धवट भरलेली ओळ अर्ध्या मिनिटात पुरी करतो. स्वयंचलनाचा खरा फायदा मला इथे वाटतो.

सगळ्याच सेशनचे मसुदे काढायचे नाहीत, नाहीतर बटणाचा रंगही ‘निर्णय’ होतो. नायगार्ड यांची मूळ व्याख्या गाळणी म्हणून अजूनही चालते: रचना, गुणवत्तेच्या अपेक्षा, डिपेन्डन्सी (बाहेरून घेतलेला कोड), इंटरफेस किंवा बांधणीचं तंत्र यांवर परिणाम करणारे निर्णय. यंत्राला कळेल अशा भाषेत सांगायचं तर डिपेन्डन्सीच्या यादीत नवी ओळ, मायग्रेशनची (डेटाबेसच्या रचनेतल्या बदलाची) नवी फाइल, बाहेरच्या जगाला दिसणाऱ्या एपीआयच्या व्याख्येत बदल, कॉन्फिगरेशनच्या मूळ मूल्यात बदल. यांपैकी काही असेल तरच मसुदा. आणि तो मर्ज अडवणार नाही, फक्त शेरा म्हणून येईल.

सुरक्षेची बाजू हलक्यात घेऊ नका. संभाषणाच्या फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंट फाइलीतली टोकनं (प्रवेशाच्या किल्ल्या), ग्राहकांच्या नोंदी, काहीही असू शकतं. मूळ फाइल रेपोत कधीच टाकायची नाही. मसुदाही कमिटपूर्वी गिटलीक्ससारख्या, अशी गुपितं शोधणाऱ्या तपासणीतून काढायचा. एकदा पुश झालेलं टोकन इतिहासातून पुसत बसण्यापेक्षा ते बदललेलंच बरं.

या पर्यायाची उघड मर्यादा म्हणजे जे टाइप झालं नाही ते त्याला दिसत नाही. फोनवर ठरलेलं, फळ्यावर काढलेलं, वरिष्ठाने जाता जाता सांगितलेलं, सगळं बाहेर. टीमपैकी निम्मे जण एजंट वापरत नसतील, तर निम्मी नोंद कोरी. त्यांच्यासाठी वरची गाळणी सीआयमध्ये लावून ‘मायग्रेशन दिसतंय, निर्णयाची नोंद नाही, काय नाकारलं?’ एवढा शेरा टाकला तरी पुष्कळ.

कोणी काय घ्यावं

दोघा-तिघांची टीम, एक रेपो: ट्रेलर पुरेत, स्क्वॉश सांभाळा. कोडबाहेरच्या लोकांनाही निर्णय दाखवायचे असतील तर लॉगफोरब्रेन्स. एडीआर-टूल्स फक्त जागा बदलण्याच्या दुहेरी दुव्यांसाठी, तेही साचा बदलून. एजंटचा रोजचा वापर असेल तर संभाषणातून मसुदा आणि तो ठेवायला एमएडीआरचा साचा, ही जोडी सध्या सगळ्यांत सरस.

मात्र नोंद परत वाचली जाण्याची सोयही त्याच दिवशी करा. ‘सेशनस्टार्ट’ हुकचं आउटपुट थेट एजंटच्या संदर्भात जातं. तिथे सगळ्या नोंदी ओतल्या तर जागा वाया जाते. प्रत्येक नोंदीतून शीर्षक आणि ‘नाकारलं’ या ओळी, एवढंच द्यायचं. नोंदीत ती कोणत्या फोल्डरला लागू आहे हे लिहिलेलं असेल, तर ब्रँचवर बदललेल्या फोल्डरांपुरतीच यादी गाळता येते. त्या यादीतून ‘बदललेला’ आणि ‘कालबाह्य’ स्थितीच्या नोंदी आधी वगळा. त्या राहिल्या तर दोन वर्षांपूर्वी मोडीत काढलेला निर्णय एजंट प्रामाणिकपणे पुन्हा अमलात आणतो, आणि पुरावा म्हणून तुमचीच फाइल दाखवतो.